परक्यांचीं छायाचित्रें

परक्याच्या कष्टांत आपणांस सौंदर्य दिसावें, यांत कांहीं पाप आहे काय? स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांचीं जुनीं छायाचित्रें पाहतांना हा प्रश्न मला पडला, आणि तो अद्यापि सुटलेला नाहीं.

चित्रें तशीं साधीं आहेत. मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन तरुणी १९२९ सालीं साउथ यूइस्ट बेटावर गेली आणि तेथील दोघी बहिणींच्या घरीं सहा वर्षें राहिली. तिला ओढ होती ती गेलिक लोकगीतांची. परंतु बरोबर कॅमेरा होता. दलदलींतून पीट नांवाचें मातीसारखें जळण कापणारीं माणसें, बटाट्यांची लावणी, मेंढ्यांची कातरणी, दारांतली गाय—असें तें रोजचें जीवन. पाहतां पाहतां माझ्या तोंडून निघून गेलें, "किती निवांत आयुष्य हें!" आणि लगेच मी ओशाळलों. मी पंख्याखालीं बसलों होतों. तें ओलें जळण कापून वाळवावें लागे, मग पाठीवरच्या टोपलींतून घरीं आणावें लागे. छायाचित्रास वजन नाहीं, ओल नाहीं, धूर नाहीं.

याच समुद्रांत आणखी पश्चिमेस सेंट किल्डा नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथील लोक कड्यांवरून दोरानें उतरून समुद्रपक्षी पकडीत व त्यांवर गुजराण करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यांत आगबोटींतून प्रवासी येऊं लागले आणि त्यांच्यामागून कॅमेरेही आले. गांवच्या एकुलत्या रस्त्यावर सकाळीं कामाची वांटणी ठरविण्यास जमलेल्या दाढीवाल्या पुरुषांचें चित्र प्रसिद्ध आहे. बाहेरचे लोक या सभेस गमतीनें 'पार्लमेंट' म्हणत. पुढें बेटकरी चित्र काढूं देण्याबद्दल पैसे मागूं लागले. पाहुण्यांस हें खटकलें; हीं भोळीं माणसें बिघडलीं, असा बोभाटा झाला. मला मात्र त्यांत कांहीं गैर दिसत नाहीं. ज्याचा चेहरा दुसरा विकणार, त्यानें त्याचें मोल कां मागूं नये? आणि आपल्या मनोरम जीवनाविषयीं त्यांचें स्वतःचें मत काय होतें, तें १९३० सालीं स्पष्ट झालें. आम्हांस येथून न्या, असा अर्ज त्यांनींच सरकारकडे केला. त्या वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं उरलेलीं ३६ माणसें बेट सोडून गेलीं.

तर मग हीं चित्रें मिटून ठेवावीं काय? तसें करावयास मन घेत नाहीं. केवळ कींव करणें हाही एक अन्यायच. यूइस्टमध्यें विणलेलें लोकरीचें कापड दाट व्हावें म्हणून बायका फळीभोंवतीं बसून तें आपटीत, आणि त्या तालावर गात. तो आनंद कांहीं छायाचित्रकारानें कल्पिलेला नव्हे. त्या बायकांस आपण बिचाऱ्या ठरविलें, तर त्यांचें गाणें आपण त्यांच्यापासून हिरावून घेतों.

शिवाय एक अडचण अशी, कीं रोजचें जीवन टिपतो तो बहुधा बाहेरचाच. आपल्या घरांतील जुनीं छायाचित्रें काढून पाहा: आजी खुर्चीत ताठ बसलेली, अंगावर ठेवणींतलें लुगडें, मागें रंगविलेला पडदा. जात्यावर बसलेली आजी कोणीं टिपली? तिचें दळण आम्हांस चित्र काढण्याजोगें वाटलेंच नाहीं, आणि तिलाही वाटलें नसावें. परका आला नसता तर यूइस्टची ती गायही नाहींशी झाली असती.

पण परक्या-परक्यांत फरक आहे. आगबोटीचा प्रवासी संध्याकाळीं परत जाई. शॉबाई राहिल्या, भाषा शिकल्या, कामास हात लावूं लागल्या. १९३५ सालीं जॉन लॉर्न कॅम्बेल या गेलिकच्या अभ्यासकाशीं विवाह करून पुढें त्या कॅना बेटावर स्थायिक झाल्या, व २००४ सालीं एकशें एक वर्षांच्या होऊन वारल्या. १९५५ सालच्या त्यांच्या लोकगीतसंग्रहांत गाणारांचीं नांवें आहेत. एवढें ऋण फेडल्यावर त्यांना त्या चुलीचें चित्र काढण्याचा अधिकार होता, असें मी म्हणेन. पाहणाऱ्या माझे ऋण मात्र तसेंच राहतें. मी तर आगबोटीचें भाडेंही दिलेलें नाहीं.

त्या रात्रीं मीं त्यांतलें एक चित्र पुन्हां काढलें. या वेळीं आकाश, डोंगर, गवताचें छप्पर यांकडे न पाहतां त्या बाईच्या हातांकडे पाहिलें. खालीं तिचें नांव होतें. मीं तें मोठ्यानें वाचून पाहिलें. उच्चार बरोबर झाला कीं नाहीं, कोण जाणे.