पाहुणा की यजमान?

गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत दीड तास एकाच विषयाचा कीस पाडला गेला : ड्रमसेट घ्यायचा की नाही. तरुणांचे म्हणणे, पेटी-तबल्यावर ‘वर्शिप’ उभे राहत नाही. ज्येष्ठांचे म्हणणे, हे देवाचे घर आहे, लग्नाचा हॉल नव्हे. एक निवृत्त शिक्षक तिसराच मुद्दा घेऊन उठले. गिटार-ड्रम विदेशी, टाळ-मृदंग देशी, तेव्हा आणायचेच तर टाळ आणा. गुरुजींना कोणी सांगितले नाही की ज्या पेटीला सगळे परंपरा म्हणत होते ती फ्रान्समध्ये जन्मली. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, तेव्हाच देशी-विदेशीचा हा वाद शिळा व्हायला हवा होता.

अशा बैठकीत अखेरीस एक समंजस आवाज उठतोच. “वाद कशाला? वाद्य कुठलेही असो, देव भावाचा भुकेला आहे.” सगळ्यांच्या माना डोलतात, चहा येतो. माझे खरे भांडण या समंजस आवाजाशी आहे.

एक खुलासा आधीच करतो. वारकऱ्यांच्या तोंडी ही म्हण कर्मकांडाच्या आणि सोवळ्याच्या गर्वाविरुद्ध उभी राहते, आणि तिथे तिचा मान मोठा आहे. भावाशीही माझे वैर नाही. नाताळच्या पहाटे गाताना ज्याचा गळा दाटत नाही त्याच्याविषयी मलाच काळजी वाटेल. पण आमच्या कमिटीत ही म्हण वाद मिटवायला वापरली जाते, आणि मिटवता मिटवता एक सिद्धान्त गुपचूप आत आणते : देवाला भूक आहे आणि ती भागवणारे आपण आहोत. उपासनेचे रूप कसेही चालेल असे म्हणणाऱ्याने देवाचे एक रूप मात्र ठरवून टाकलेले असते.

भाव असला की झाले, हे खरे असते तर धर्मसुधारणेच्या काळातले निम्मे भांडण झालेच नसते. झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली उत्तम वादक होता, अनेक वाद्ये त्याच्या हातात होती. त्याच झ्विंग्लीच्या शहरात चर्चमधले ऑर्गन बंद पडले आणि गाणेही थांबले. तिकडे जर्मनीत ल्यूथर संगीताला ईश्वरविद्येच्या जवळचे आसन देत होता. १५२९ मध्ये मारबुर्गला दोघे समोरासमोर आले आणि प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त नेमका कसा हजर असतो, या प्रश्नावर फुटले. दोघांपैकी कोणाच्या भावाविषयी शंका घ्याल? ल्यूथरचा देव भाकरीत, पाण्यात, सुरात, हाताला लागेल अशा वस्तूंत उतरून भेटणारा होता. झ्विंग्लीच्या देवाला वस्तूंची मध्यस्थी नको होती, त्याचा आत्मा थेट अंतःकरणाशी बोलत होता. ज्याचा देव जसा, तशी त्याची रविवारची सकाळ. झ्विंग्लीने ऑर्गन बंद ठेवला यात मला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. देव निराकार मानून ड्रमसेटसाठी वर्गणी काढणाऱ्यांपेक्षा तो सरळ होता.

आता भुकेकडे येतो, कारण सगळे तिथेच अडते. बायबलमधल्या पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतःच्या भुकेचा प्रश्न निकालातच काढतो. रानातली जनावरे ज्याची, त्याला तुमच्या गोठ्यातला बैल काय पुरणार? आपण बैल देणे सोडले आणि त्याच्या जागी भाव ठेवला, पण देणाऱ्याचा तोरा तोच राहिला. एकदा भाव हे देवाचे अन्न ठरले की कोणीतरी आचारी लागतो. म्हणून ‘वर्शिप लीडर’ आला. म्हणून ‘आधी वर्शिप, मग वचन’ अशी विभागणी झाली, आणि उपासना हा शब्द पहिल्या पाऊण तासाच्या गाण्यांपुरता उरला. पापाची कबुली, शास्त्रवाचन, अर्पण, आशीर्वाद हे सारे जणू उपासनेबाहेरचे कामकाज. मग घरी जाताना रिक्षात ऐकू येते, “आज काही वाटलंच नाही.” जेवण देवाचे आणि चव बघतोय आचारी.

मला सगळे एकाच प्रश्नाशी येऊन थांबलेले दिसते : या उपासनेत देव पाहुणा आहे की यजमान?

पाहुणा यायचा असला की आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. पलंगावर धुतलेली चादर पडते, दुधाची जास्तीची पिशवी येते, आणि तो गेल्यावर चर्चा एकच, त्याला आवडले असेल ना? आपण पाहुणे असलो तर गोष्ट उलटी. हातपाय धुवायचे, दाखवलेल्या पाटावर बसायचे, ताटात पडेल ते घ्यायचे. स्वयंपाकघरात डोकावायचे नाही.

दारावर टकटक करणाऱ्या येशूचे चित्र आपल्याकडे घरोघर आहे, तेव्हा तो पाहुणा नव्हे काय, असे कोणी विचारेल. विचारावेच. पण लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर काय घडते ते पाहा. दोघे शिष्य एका अनोळखी वाटसरूला संध्याकाळ झाली म्हणून आग्रहाने घरी थांबवतात. पाहुणा पंगतीला बसतो, भाकर उचलतो, आशीर्वाद देऊन मोडतो आणि त्यांच्या हाती देतो. घर त्यांचे, भाकर त्यांची, आणि वाढणारा तो. त्याच क्षणी त्यांचे डोळे उघडतात. तो पाहुणा म्हणून दारात येतो हे मला मान्य आहे. पाहुणा म्हणून तो राहत मात्र नाही.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी. त्याविषयी लिहिणारे बहुतेक सगळे त्याच्या देशीपणावर बोलतात. मला नाव महत्त्वाचे वाटते. दरबार भरवतो राजा. प्रजेने दरबार भरवून राजाला आमंत्रण धाडल्याचे कोणी ऐकले आहे?

 

आमच्या चर्चमध्ये एक आजी आहेत. प्रभुभोजनाला कठड्याशी गुडघे टेकतात, पदर सावरतात आणि डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढे करतात. जेरुसलेमचे बिशप किरिल यांच्या नावावर असलेल्या चौथ्या शतकातल्या प्रवचनांत हात असेच धरायला सांगितले आहे, हे त्यांना ठाऊक नाही. भाकरीचा तुकडा त्या बोटांनी उचलत नाहीत. तो तळव्यावर पडेपर्यंत थांबतात. त्या क्षणी त्यांना काय वाटते, हे मी कधी विचारले नाही. त्या हातांत देण्यासारखे काही नसते, एवढे दिसते.

धर्मसुधारक कॅल्विनला हे भोजन दर आठवड्याला हवे होते. जिनेव्हाच्या नगरपरिषदेने वर्षातून चारदा दिले. आमच्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. ड्रमसेटवरचा दीड तास संपल्यावर त्या बैठकीत शेवटचा विषय तोच होता : पहिल्या रविवारी उपासना लांबते, तरी प्रभुभोजन पंधरा मिनिटांत आटोपावे. चर्चा झाली नाही. ठराव एकमताने मंजूर झाला, मीही हात वर केला होता.