मुदत

पासपोर्टवर दोन तारखा असतात. दिल्याची आणि मुदत संपण्याची. आपण बघतो ती दुसरी, तीही प्रवास तोंडावर आला की. सहा महिने शिल्लक आहेत ना, एवढं पाहायचं आणि पासपोर्ट पुन्हा कपाटात.

एस्टोनियातून परागंदा झालेल्यांनी ही तारीख कशी वाचली असेल?

1940 मध्ये सोव्हिएत संघाने त्यांचा देश गिळला. मग जर्मन आले. 1944 मध्ये लाल सेना परतू लागली, तेव्हा हजारो लोक मिळेल त्या होडीने बाल्टिक समुद्र ओलांडून स्वीडनला गेले, कित्येक जर्मनीला. तिथून पुढे कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. देश नकाशावरून पुसला गेला. पण अमेरिकेने तो कब्जा कधीच मान्य केला नाही, म्हणून न्यूयॉर्कमधला एस्टोनियाचा वाणिज्य दूतावास उघडा राहिला. तिथे पासपोर्ट मिळत असे.

म्हणजे देश हातात नाही, आणि कुणीतरी टेबलाशी बसून लिहितो आहे: अमुक तारखेपर्यंत वैध.

परमुलखात गेलेला समाज गाणी जपतो, सण जपतो, जेवण जपतो. यांनीही जपलं. टोरोंटोत मुलांची एस्टोनियन शाळा भरे. 24 फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनी, निळा-काळा-पांढरा झेंडा लागे. मायदेशी तो लावायला बंदी होती. हे सगळं हृद्य आहेच. मला मात्र पासपोर्ट देण्याचं ते रुक्ष दफ्तरी काम अधिक मोलाचं वाटतं. गाताना गळा भरून येतो, बळ येतं. शिक्का मारताना तसं काही होत नाही. तो नुसता मारायचा असतो, उद्याही. आठवणीला मागचं पुरतं. मुदतीला पुढची तारीख लागते.

एर्न्स्ट याक्सन हे न्यूयॉर्कच्या त्या दूतावासातले मुत्सद्दी. ते 1929 मध्ये अमेरिकेत आले आणि 1965 पासून दूतावासाचे प्रमुख होते. एवढ्या वर्षांत त्यांना हे सारं व्यर्थ वाटलंच नसेल, असं कोण म्हणेल? पण कचेरी चालू राहिली. 1991 मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला, आणि वयाच्या 86व्या वर्षी याक्सन त्याचे अमेरिकेतले राजदूत झाले.

पुढच्याच वर्षी एस्टोनियात नागरिकत्वाचा जुना कायदा पुन्हा लागू झाला. 1940 च्या नागरिकांची मुलं-नातवंडं, टोरोंटोत जन्मलेली का असेनात, जन्मानेच एस्टोनियाची नागरिक धरली गेली.