खर्जातलं नाव

सेशन वादकाचा मृत्युलेख हा बहुधा त्याचा पहिला परिचय असतो. गायक गेला की आपण हळहळतो, कारण त्याला आपण ओळखत असतो. पण ठरलेल्या तासांचे पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यात वाजवणारा माणूस गेला, की तो होता हे आधी कळतं आणि गेला हे मागाहून. बासवादक जेम्स जेमर्सनच्या वाट्याला हा परिचयही उशिराच आला. २ ऑगस्ट १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. त्याच्यावरचं पुस्तक आलं १९८९ साली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २००० साली, तेही साथीदारांसाठी नव्यानं काढलेल्या रांगेत. मात्र तो वारला तोवर त्याचा बास जगभरच्या कानांत वीस-पंचवीस वर्षं वाजत होता.

जन्म साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा, १९३६चा. १९५४ साली आईबरोबर तो डेट्रॉइटला आला. मोटारींचं शहर. शाळेत उभ्या बासवर हात बसला, रात्री क्लबांमध्ये जॅझ वाजवू लागला, आणि १९५९च्या सुमारास वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या एका साध्या घरात चालणाऱ्या मोटाऊन कंपनीत रेकॉर्डिंगला जाऊ लागला. तिथल्या अरुंद स्टुडिओला वादक ‘स्नेकपिट’ म्हणत, आणि त्या वादकांच्या जथ्याला ‘फंक ब्रदर्स’. टेम्पटेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे ही नावं बदलत. मागे वाजवणारी माणसं बहुतेक तीच.

त्यानं नेमकं काय केलं, हे सांगायला हवं. नाहीतर हा नुसता शोक होईल. तोवरच्या पॉप गाण्यात बासचं काम ठोकळेबाज असे: मूळ स्वर धरायचा, पंचमाला जाऊन यायचं, ठेका सोडायचा नाही. १९६४च्या ‘माय गर्ल’च्या सुरुवातीला जेमर्सन जवळजवळ तेच करतो. अगदी मोजके स्वर, आणि क्षणभर एकटाच बास. मग रॉबर्ट व्हाइटची गिटार येते. पण १९६७चं स्टीव्ही वंडरचं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ लावा, किंवा त्याच वर्षीचं फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’. तिथे बास गाण्याच्या बुडाशी बसून राहत नाही. तो मधल्या कोमल-तीव्र स्वरांवरून घसरत येतो, मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडतो, गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत स्वतःचं काही बोलून घेतो, आणि तरी समेवर चुकत नाही. गायकाला अडवत नाही, हे विशेष. चांगल्या तबलजीला ही अक्कल असते. हे सगळं उजव्या हाताच्या एका तर्जनीनं. सोबती तिला ‘हुक’ म्हणत. फेंडर कंपनीचा १९६२चा प्रिसिजन बास, जाड गुळगुळीत तारा, आणि त्या तारा बदलायच्या नाहीत असा हट्ट. तारेवर साठलेल्या मळातच सूर आहे, अशी त्याची धारणा होती.

आता हिशेबाची बाजू. गाण्याच्या मालकीचा कायदा शब्द आणि चाल ओळखतो. बासवर त्या क्षणी सुचलेली ओळ, जिच्यावाचून गाणं उभंच राहिलं नसतं, ती त्याच्या लेखी मजुरी ठरते. गीतकार-संगीतकाराला वर्षानुवर्षं मानधन येत राही, वादकाचं खातं त्याच दुपारी बंद होई. हा तेव्हाचा धंद्याचाच प्रघात होता, एकट्या मोटाऊनचा दोष नव्हे. मोटाऊनचा दोष वेगळा: ती नावच छापत नसे. १९७१ साली मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम आला आणि वेष्टनावर वादकांची नावं आली. जेमर्सनच्या नावाआधी ‘अतुलनीय’ अशा अर्थाचं विशेषण होतं. पुढच्याच वर्षी कंपनीनं डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवलं.

नाव न छापल्यानं वादकाचा अपमान होतो, हे खरं. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे कोणी काय वाजवलं याचा पुरावाच उरत नाही. लॉस एंजेलिसच्या नामांकित बासवादक कॅरल के यांनी पुढे मोटाऊनच्या काही प्रसिद्ध गाण्यांवरचा बास आपला असल्याचं सांगितलं. जेमर्सनचा चरित्रकार अ‍ॅलन स्लट्स्की आणि इतरांनी ते खोडून काढलं. के आणि जेमर्सन, दोघंही मोठे वादक. वेष्टनावर एक ओळ असती तर हा वाद झालाच नसता. माणूस गेल्यावर चाहत्यांना कानानं बोटांचे ठसे ओळखत बसावं लागतं, ही कोणत्याही धंद्याला शोभणारी गोष्ट नाही.

तरी जेमर्सनला हुतात्मा करू नये. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला चांगला पगार होता. दारूनं त्याला खाल्लं, त्याच्या वेळा बिघडल्या, आणि लॉस एंजेलिसमध्ये सत्तरच्या दशकातल्या निर्मात्यांना कोऱ्या तारांचा चकचकीत, तारेला थापटून काढलेला आवाज हवा होता. तो बदलायला तयार नव्हता. जो हट्ट डेट्रॉइटमध्ये कला ठरला, तोच इथे अडचण ठरला. मला त्यात कोणी एक खलनायक दिसत नाही. पण मार्च १९८३मध्ये पॅसाडिनात मोटाऊनच्या २५ वर्षांचा सोहळा रेकॉर्ड झाला, मायकेल जॅक्सनचं ‘मूनवॉक’ लोकांना तिथेच पहिल्यांदा दिसलं, आणि जेमर्सन काळ्या बाजारात तिकीट घेऊन वरच्या सज्जात बसला होता. याला मात्र सबब नाही.

आपल्याकडे मैफलीत ही चूक होत नाही. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोण हे निवेदक सांगतो, आकाशवाणीही सांगते. स्टुडिओत शिरलो की आपण हा रिवाज चपलांबरोबर बाहेर ठेवतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले कितीतरी व्हायोलिन, ट्रम्पेट आणि बास गोव्याच्या माणसांनी वाजवले. पडद्यावर संगीतकाराचं नाव, फार तर सहायकांचं. अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्या देशाला पाठ आहे, ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. माजोर्ड्याचे खरे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव त्या गाण्यात घातलं. २०१२ साली ते गेले, तेव्हा असा कोणी माणूस खरोखर होता हे अनेकांना प्रथमच समजलं. आर. डी. बर्मन यांच्याकडे बास वाजवणारे टोनी वाझ तर एवढेही सुदैवी नाहीत. त्यांचं नाव किती वाचकांनी ऐकलं आहे?

जुन्या स्टुडिओंतले वादक रेकॉर्डिंगच्या नोंदी डायऱ्यांत ठेवत: तारीख, स्टुडिओ, संगीतकार, मिळालेले पैसे. तुमच्या घरात, शेजारात अशा एखाद्या वादकाची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. त्यातली पानं स्कॅन करून ठेवा, आणि तो माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून कोणत्या गाण्यात काय वाजवलं ते त्याच्याच तोंडून लिहून घ्या.