आदेशानुसार व नावाने

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या शाळेतल्या आठवीच्या मुलाला राष्ट्रपती कोण असतात असे विचारले, तर तो देशाचे पहिले नागरिक, तिन्ही सेनादलांचे सरसेनापती, वयाची अट ३५ वर्षे, मुदत ५ वर्षे असे धडाधडा सांगेल. त्याच मुलाच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला जातीचा दाखला मात्र या उत्तराशी जोडला जात नाही. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर यांपैकी जी जमात त्या दाखल्यावर लिहिलेली असते, तिला कायद्याचे बळ राष्ट्रपतींच्या १९५० सालच्या अनुसूचित जमाती आदेशातून मिळते. तो राहतो तो त्र्यंबकेश्वर तालुक्याचा पट्टा ‘अनुसूचित क्षेत्र’ आहे, तोही राष्ट्रपतींच्या २ डिसेंबर १९८५ च्या आदेशामुळे. राष्ट्रपतिपदाचा इतका थेट संबंध पुण्या-मुंबईच्या मुलाच्या घराशी क्वचितच येतो. तरीही दोघांना धडा एकाच टोकाने शिकवला जातो: दिल्लीतून, रायसीना टेकडीवरून, खाली. माझे म्हणणे असे की हरसूलसारख्या ठिकाणी कार्यकारी मंडळ कागदापासून शिकवायला हवे. हातातला कागद घ्यावा आणि विचारावे की नाव कोणाचे, निर्णय कोणाचा, सही कोणाची आणि जाब कोणी द्यायचा. या चार प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडे जात नाहीत हे ज्याला उमगले, त्याला संसदीय शासनपद्धती उमगली.

यासाठी मंत्रालयातून निघालेला कोणताही शासन निर्णय पुरेसा आहे. त्याच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि तिच्याखाली सही असते ती उपसचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. निर्णय खात्याच्या मंत्र्याने किंवा मंत्रिमंडळाने घेतलेला असतो, आणि विधानसभेत त्याबद्दल उभे राहून उत्तर द्यायचे असते मंत्र्यालाच. उपसचिवाला कोणी सभागृहात बोलावत नाही. खाली ‘प्रत’ म्हणून लांबलचक यादी येते. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे सचिव, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि सगळ्यात शेवटी ‘निवडनस्ती’. नोकरशाहीची उतरंड याहून नेटकी कोणत्याही आकृतीत सापडणार नाही. बालभारतीच्या आठवीच्या नागरिकशास्त्रात केंद्रीय कार्यकारी मंडळ, राज्यशासन आणि नोकरशाही हे तीन स्वतंत्र पाठ आहेत. हा एक कागद ते तिन्ही पाठ एकमेकांना जोडून दाखवतो. केंद्रातही तेच सूत्र आहे. घटनेच्या ७७ व्या कलमाने केंद्र सरकारचा सारा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो, आणि ७४ व्या कलमाने राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हेच स्पष्ट केले होते: राष्ट्रपती राज्याचे प्रमुख आहेत, कार्यकारी सत्तेचे नव्हेत.

मराठीने या बाबतीत शिक्षकाचे निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. आपली वर्तमानपत्रे अमेरिकेच्या प्रमुखाला ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणतात आणि आपल्या प्रमुखाला ‘राष्ट्रपती’. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे. मोबाइलवर कोणी परदेशी राष्ट्राध्यक्ष जाड पेनाने आदेशावर सही करून ती कॅमेऱ्यापुढे धरताना मुले पाहतात आणि आपल्याकडेही असेच चालते असे धरून चालतात. तिथे निर्णय आणि सही एकाच माणसाची असते, इथे ती मुद्दाम वेगळी ठेवली आहे, हा फरक दोन शब्दांच्या फरकावरून एका तासात सांगता येतो.

यावर पहिला आक्षेप बाहेरून नव्हे, वर्गातूनच येतो. सही कोणाचीही आणि निर्णय भलत्याचाच, मग राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्काच ना? ‘सर्वोच्च पद’ म्हणून पाठ करवून घेतलेले मूल मोठेपणी याच दुसऱ्या टोकाला जाते, कारण मधली जागा त्याला कोणी दाखवलेलीच नसते. मधली जागा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. अनुसूचित क्षेत्रांचा १९८५ चा आदेश ज्यांच्या कारकिर्दीत निघाला त्या ग्यानी झैलसिंग यांनी पुढच्या वर्षीच्या टपाल विधेयकाला संमती दिलीच नाही. उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातलेच. १२ नोव्हेंबर २०१९ ला लागू झालेली राष्ट्रपती राजवट २३ तारखेच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, तीही मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कार्यनियमावलीतल्या बाराव्या नियमाखाली पंतप्रधानांनी आपल्या अधिकारात केलेल्या शिफारशीवर. ही उदाहरणे शेजारीशेजारी ठेवली की पद तेच असून थांबवणे, परत पाठवणे आणि झटपट सही करणे हे तिन्ही घटनेच्या चौकटीत कसे बसते, हे दिसते. त्यात योग्य काय झाले यावर वर्गात मतभेद व्हावेत. माझ्या मते पहाटेच्या त्या घाईचे समर्थन करणे अवघड आहे.

अनुसूचित क्षेत्रात हा धागा आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि म्हणूनच शिकवायला अधिक चांगला. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपाल या क्षेत्रांच्या प्रशासनाचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवतात, आणि केंद्र राज्याला निर्देश देऊ शकते. संसदेचा कायदा या क्षेत्रात लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. हा अधिकार कागदावर पडून नाही. वनहक्काच्या दाव्यांवर जिल्हास्तरीय समितीने दिलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय २००६ च्या मूळ कायद्यात नव्हती; मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने ती महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात झाली, आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांपैकी एक नाशिकचीच. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये, जिल्ह्यातले हजारो आदिवासी शेतकरी वनहक्कांसाठीच नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले होते. मोर्चा दिल्लीला का गेला नाही, मुंबईला का गेला, आणि मागणी मान्य झाल्याचे लेखी आश्वासन राज्यपालांऐवजी मुख्यमंत्र्यांकडून का हवे होते, हे प्रश्न नागरिकशास्त्राच्या कोणत्याही स्वाध्यायापेक्षा मोलाचे आहेत.

पण शिक्षक सरकारी नोकर. असे विषय वर्गात काढले तर राजकारण शिरेल, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. भीती खोटी नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, रखडलेल्या नोकरभरतीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिकमध्ये आंदोलन झाले, तेव्हा या भागातल्या कित्येक घरांत तोच विषय असणार. या प्रश्नाच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२० चा निकाल आहे. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींसाठी राखल्या होत्या. ते शंभर टक्के आरक्षण घटनापीठाने रद्द केले. म्हणजे वर्गात फळ्यासमोर कोण उभे राहणार हाच तो वाद. यात बाजू घेणे शिक्षकाचे काम नाही. पण आदेश कोणी काढला, कोणत्या अधिकारात काढला आणि न्यायालयाने तो कोणत्या कारणाने अडवला, हे सांगणे म्हणजे प्रचार नव्हे. कार्यकारी सत्तेला मर्यादा असते हे सांगण्याची याहून सरळ वाट नाही. प्रचार नेमका उलट ठिकाणी शिरतो, जिथे मुलांना सगळे निर्णय ‘साहेबांनी’ केले असेच ऐकू येते. अनुसूचित जमातींच्या यादीवरून राज्यात आंदोलने होतात, तेव्हा यादी बदलण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांना नाही, राष्ट्रपतींनाही नाही, फक्त संसदेला आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्याला भडकवणे कठीण जाते. अनुसूचित क्षेत्राची हद्द मात्र राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून आदेशानेच बदलू शकतात. एकाच पदाच्या दोन अधिकारांतला हा फरक आठवीच्या मुलाला जड जाईल, असे मला वाटत नाही. जमिनीचा सातबारा आणि वनपट्टा यांतला फरक घरी ऐकत वाढलेले मूल आहे ते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आदिवासी मुलाला आदिवासी क्षेत्राचेच नागरिकशास्त्र शिकवायचे, म्हणजे त्याला पुन्हा डोंगराआड ठेवणे नव्हे का? परीक्षा तर राज्यभर एकच आहे. याचे उत्तर धड्याच्या दिशेत आहे. सुरुवात हरसूलला व्हावी, शेवट तिथे होऊ नये. महाराष्ट्रातल्या २८८ आमदारांपैकी प्रत्येकाच्या मताला राष्ट्रपतींच्या निवडणुकीत १७५ मूल्य असते, आणि ते १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेले असते. उत्तर प्रदेशात ते २०८ आहे, सिक्कीममध्ये ७. आपल्या गावाच्या मतातून निवडून आलेल्या आमदाराचे मत राष्ट्रपती भवनापर्यंत कसे पोचते, हे गणित कुठल्याही जिल्ह्यात तेवढेच खरे आहे. द्रौपदी मुर्मू २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपती झाल्या, त्यांचे छायाचित्र आश्रमशाळेच्या भिंतीवर लावणे सोपे आहे आणि लावावेही. पण त्याच मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ मध्ये आदिवासी जमिनींच्या छोटा नागपूर आणि संथाळ परगणा कुळकायद्यांतले बदल त्यांनी संमती न देता सरकारकडे परत पाठवले होते. छायाचित्राखाली ही एक ओळ लिहिली, तर मुले विचारतील की त्यांना तसे करता येत होते का, आणि परत गेलेल्या त्या विधेयकांचे पुढे काय झाले.