नाव काकांचं, बोट माझं

अंबाडी नाक्यावर उभं राहिलं की एक रस्ता भिवंडीकडे जातो, एक वाड्याकडे आणि एक वज्रेश्वरीकडे. मी इथेच वाढलो. इंजिनिअरिंग केलं, ठाण्यातल्या एका कंपनीत कोड लिहितो. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. त्यामुळे नात्यातल्या प्रत्येकाचा प्रिंटर आणि प्रत्येकाचा पासवर्ड ही माझीच जबाबदारी आहे, असं सगळे धरून चालतात.

मामांचा धंदा गोदामांना लागणारे लाकडी पॅलेट आणि लोखंडी रॅक पुरवण्याचा. माणकोली, काल्हेर, पूर्णा, वळ, पडघा हा त्यांचा पट्टा. माल विकतात ते सेल्सचे काका. ते आमच्या नात्यातले नाहीत, पण बावीस वर्षं दुकानात आहेत, म्हणून सगळ्यांचेच काका. काकांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असते. दोन वर्षांपूर्वी मामांनी सीआरएम घेतलं, म्हणजे कोणती पार्टी, कोणती इन्क्वायरी, कोटेशन कधी दिलं, फॉलो-अप कधी करायचा, हे सगळं एका ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर. काका त्यात रोज संध्याकाळी दोन बोटांनी टाईप करतात. डायरी मात्र खिशातून गेली नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा म्हणाले, "अरे, ते एआय एजंट की काय म्हणतात, ते आपल्या सीआरएमला जोडता येईल का? फॉलो-अप राहून जातात."

मला हेच हवं होतं.

जोडलं कसं

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

सीआरएमची स्क्रीन माणसासाठी बनवलेली असते. बटणं, रंग, खाली सरकणाऱ्या याद्या. एजंटचं खरं माध्यम मजकूर. म्हणून मी एक छोटं कमांड-लाईन टूल लिहिलं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, 'साठ दिवसांत उत्तर न दिलेल्या पार्ट्या दाखव', की यादी मजकूर म्हणून येते. दुसरी ओळ लिहायची, 'या पार्टीला मेसेज पाठव', की मेसेज जातो. छोटी छोटी टूल, प्रत्येकाने एकच काम नीट करायचं आणि एकाचा मजकूर दुसऱ्याने घ्यायचा, ही युनिक्सची १९७०च्या दशकातली पद्धत. ती एजंटसाठीच शोधली होती की काय असं वाटावं, इतकी चपखल बसते.

माझ्या कमांड दोन प्रकारच्या होत्या. वाचायच्या आणि लिहायच्या. लिहायच्या प्रत्येक कमांडआधी टूल विचारायचं, "पाठवू का? हो किंवा नाही." इथपर्यंत मी शहाणा होतो.

मग दोन गोष्टी केल्या. सीआरएममध्ये नवीन युजरचे वेगळे पैसे पडतात, म्हणून एजंटला काकांच्याच लॉगिनची की दिली. आणि त्या रात्री एजंटने ४१ पार्ट्यांची यादी काढली तेव्हा पहिले सहा मेसेज वाचून 'हो' म्हटलं. सहाही छान होते. सातव्याला कंटाळलो आणि 'सगळ्यांना हो' हा पर्याय लावला. तो पर्याय मीच लिहिला होता, चाचणीसाठी.

सीआरएमच्या लॉगमध्ये आजही दिसतं की काकांनी रात्री ९ वाजून १२ मिनिटांपासून चार मिनिटांत ३५ मेसेज पाठवले. काका तेव्हा जेवत होते.

एक मेसेज

पस्तीसपैकी एक गेला एका जुन्या पार्टीला. गेले बरेच दिवस तुमच्याकडून उत्तर नाही, काम थांबवायचं आहे का, शुक्रवारपर्यंत ऑर्डर दिलीत तर आठ टक्के सूट, खाली काकांचं नाव. भाषा नम्र, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं. सूट एजंटने मनाने ठरवली नव्हती. सीआरएममध्ये मागच्या दिवाळीची ऑफर कोणी बंद केलीच नव्हती, ती त्याला चालू दिसली. आणि पार्टीच्या नावापुढे दोन नंबर होते, मालकांचा आणि गोदामाच्या मॅनेजरचा. मेसेज दोघांना गेला.

सकाळी काकांना मालकांचा फोन आला. काका गाडीबाहेर उभं राहून बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत होते. मग दुकानात आले, डायरी काढली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. त्या पार्टीच्या नावापुढे एकच शब्द होता. 'दसऱ्यानंतर.'

"हे सीआरएममध्ये का नाही टाकलंत?" मी विचारलं. वैताग होता आवाजात, खोटं कशाला बोलू.

"तारीख टाकली की ते कारण मागतं," काका म्हणाले. "कारण टाकता येत नव्हतं."

"का?"

"ते त्यांनी मला सांगितलंय. कंपनीला नाही."

मालकांनी काम का थांबवलं होतं हे मला आजही माहीत नाही. एवढंच कळलं की ते चार लोकांत बोलायचं नव्हतं आणि मॅनेजरला तर मुळीच नाही. "काम थांबवायचं आहे का" या एका वाक्याने मॅनेजरला शंका आली आणि तो विचारत सुटला.

मामा म्हणाले, "काँप्युटरची चूक झाली म्हणून सांगून टाका. सूट-बिट काही नाही."

काका म्हणाले, "मेसेजखाली माझं नाव आहे. शब्द माझ्या नावाने गेलाय. तो पाळायला लागेल." आणि मोटारसायकल काढून त्या गोदामावर गेले.

ते गेल्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो. बग शोधायला. बग नव्हता. प्रत्येक कमांडने जे करायला हवं होतं तेच केलं होतं.

शब्द कोणाचा

प्रश्न असा आहे. तो शब्द काकांनी दिला नव्हता. मामांनी दिला नव्हता. एजंटने जुळवला, पण त्याला शब्द 'देणं' म्हणता येईल का? शब्द देणारा तो मोडूही शकतो, मोडला तर त्याला तोंड लपवावं लागतं. एजंटला लपवायला तोंड नाही.

कायद्याने यावर कधीच विचार केलाय, हे मला नंतर कळलं. भारतीय करार कायदा १८७२चा. त्यात 'एजन्सी'वर आख्खं प्रकरण आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करतो तो एजंट आणि ज्याच्या वतीने करतो तो प्रिन्सिपल. आपण आज 'एजंट' हा शब्द सॉफ्टवेअरसाठी वापरतो तेव्हा नकळत तोच जुना संसार उचलतो. त्यातलं कलम १८४ वाचून मी थबकलो. बाहेरच्या माणसाशी व्यवहार करण्यापुरता एजंट कोणीही असू शकतो, अगदी अज्ञान मूलसुद्धा. पण जो सज्ञान आणि सुबुद्ध नाही, तो आपल्या मालकाला जबाबदार धरता येत नाही.

म्हणजे दुकानात बसवलेल्या दहा वर्षांच्या पोराने मालाचा सौदा केला, तर तुम्ही बांधले जाता, पण नुकसान त्याच्याकडून वसूल करू शकत नाही. त्याला बसवलं कोणी? तुम्ही.

कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एआय नव्हतं. पण बांधून घालू शकणारा आणि तरी स्वतः जाब न देणारा मध्यस्थ त्यांना ठाऊक होता. २०२४ साली कॅनडात असंच प्रकरण झालं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतरच्या सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीचा एक बचाव असा होता की चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो मान्य केला नाही. वेबसाईट तुमची, तर तिच्यावरचं बोलणंही तुमचं.

पण यातून सुटतो तो मामांचा प्रश्न. दुकान बांधील आहे, ठीक. माझा प्रश्न उरतोच. 'सगळ्यांना हो' मी म्हटलं होतं. आणि पाहा, लॉगमध्ये माझं नाव कुठेच नाही.

अंगठा

पहिला उपाय सुचला तो सोपा होता. 'सगळ्यांना हो' काढून टाकायचं. प्रत्येक मेसेजला माणसाने 'हो' म्हणायचं. आमच्या क्षेत्रात हेच सांगतात, साखळीत माणूस ठेवा.

ठेवला होता की. मीच होतो तो माणूस.

आमच्या पिढीला अंगठेबहाद्दर या शब्दाची गंमत वाटते. आजोबांच्या पिढीत कागद वाचता येत नसताना अंगठा उठवायचे. मी पदवीधर, वाचता येत असताना न वाचता उठवला. अटी-शर्तींच्या खाली 'मान्य' दाबणारे आपण सगळेच रोज उठवतो.

अंगठ्याचं काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलंय. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळले. चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. त्यात दोन गोष्टी होत्या. शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहायचा. आणि कोर्टाने नुसता रोख्यावरचा आकडा मानायचा नाही, मागे जाऊन व्यवहार मुळात काय झाला ते तपासायचं. तो कायदा किती यशस्वी झाला हा वेगळा विषय. पण त्याने एक गोष्ट कबूल केली होती. खूण उठली म्हणजे संमती झाली असं नाही. काय लिहिलंय ते त्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

माझं 'हो किंवा नाही' म्हणजे अंगठ्याचा चौकोन होता. मी टूल बदललं. आता एका वेळी पाचच मेसेज पुढे येतात. प्रत्येकाआधी साध्या मराठीत एक ओळ येते: कोणाला, किती जणांना, त्यात पैशाचं किंवा तारखेचं कोणतं वचन आहे. वचन असेल तर 'हो' चालत नाही, रक्कम हाताने लिहावी लागते. एजंटला स्वतःचं लॉगिन घेतलं, मामांनी कुरकुर करून पैसे भरले. लॉगमध्ये दोन नावं उमटतात, लिहिलं कोणी आणि पाठवा म्हटलं कोणी.

हे सगळं चांगलंच आहे. एजंटने दुसऱ्या आठवड्यात तीन इन्क्वायऱ्या शोधून दिल्या, ज्या काकांकडूनही सुटल्या होत्या. त्याला मोडीत काढायला मी हा लेख लिहीत नाही.

जे लिहायचं नाही

पण एक गाठ यातून सुटत नाही. समजा मी त्या रात्री प्रत्येक मेसेज नीट वाचला असता. तरी तो मी पाठवलाच असता, कारण 'दसऱ्यानंतर' डायरीत होतं. मेसेज अडवायला लागणारी माहिती सिस्टीममध्ये नव्हतीच.

मामांचं उत्तर तयार होतं. "मग डायरी सगळी सीआरएममध्ये टाका. एजंटला सगळं कळू दे, मग चुकणार नाही."

यंत्राच्या बाजूने हा युक्तिवाद बिनतोड आहे. एजंटला समजूतदार करायचं तर त्याला सगळं सांगायला हवं. कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाचं भावाशी फाटलंय, कोणाचे पैसे अडकलेत. पण लोकांनी हे सगळं काकांना चहाच्या टपरीवर सांगितलं, ते काका आहेत म्हणून. तेच वाक्य नोट्सच्या रकान्यात गेलं की त्याची माहिती होते. ती मामा वाचू शकतात, मी वाचू शकतो, उद्या काकांच्या जागी येणारा पोरगा वाचू शकतो. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात ज्याची माहिती असते त्याला 'डेटा प्रिन्सिपल' म्हटलंय आणि ती राखणाऱ्याला 'फिड्युशिअरी', म्हणजे विश्वस्त. शब्द छान आहे. पण काकांनी तो कायदा न वाचता बावीस वर्षं पाळलाय, आणि त्यांची पद्धत साधी होती: लिहायचंच नाही.

म्हणजे यंत्राला भलं वागवायचं तर विश्वास मोडायचा, आणि विश्वास पाळायचा तर यंत्र अधूनमधून निर्दयी वागणार. मी बरेच दिवस तिसरी वाट शोधत होतो. शेवटी जे केलं ते इतकं छोटं आहे की सांगायला लाज वाटते. सीआरएममध्ये एक खूण वाढवली, 'आधी काकांना विचारा'. तिला कारणाचा रकाना नाही. ती असेल तर टूल एजंटला त्या पार्टीबद्दल काहीच दाखवत नाही, ना नंबर, ना जुनी कोटेशनं.

यात तोटा आहे. काका सुट्टीवर गेले की त्या पार्ट्या थांबतात. उद्या काका निवृत्त झाले तर त्या खुणांचा अर्थ त्यांच्याबरोबर जाईल. मामांनी हे मला दोनदा ऐकवलंय आणि त्यांचं चूक नाही. धंदा माणसाच्या खिशात ठेवून चालत नाही. तरी मला वाटतं, काही गोष्टी माणसाबरोबर संपण्यासाठीच सांगितलेल्या असतात. त्या टिकवून ठेवायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नसतो.

ती आठ टक्के सूट काकांनी दिली. दसऱ्यानंतर ऑर्डर आली तेव्हा. मामांनी निम्मी रक्कम काकांच्या कमिशनमधून कापायची म्हटली, तेव्हा मी म्हणालो माझ्याकडून घ्या. "तुझा काय संबंध?" मामा खरंच गोंधळून म्हणाले. शेवटी घेतले. आठ हजार चारशे रुपये. या सगळ्या प्रकरणात माझं नाव लिहिलं गेलं ते तेवढ्या एका यूपीआय पावतीवर.

आज अकरा पार्ट्यांपुढे ती खूण आहे. परवा नाक्यावर काकांबरोबर चहा पिताना मी एकीचं नाव घेऊन विचारलं, "यांचं काय हो?"

काकांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, "तू विचारतोयस, का तुझं ते टूल विचारतंय?"

मी म्हटलं, "मीच."

"मग असू दे," म्हणाले, आणि पावसाकडे बघत बसले.