हजबंड व्हिसा

दुबईतल्या नोकरीच्या जाहिराती खालून वर वाचाव्यात. वरच्या ओळी सगळीकडे सारख्याच असतात: अमुक वर्षांचा अनुभव, टॅली यायला हवं, व्हॅटची माहिती हवी. चाळण लागते ती शेवटच्या ओळीत. अमुक देशाचाच उमेदवार हवा, लगेच रुजू होणारा हवा, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स हवं. बायकांसाठीच्या जाहिरातींत आणखी एक ओळ असते, ‘हजबंड व्हिसा असल्यास प्राधान्य’. मला इथली पहिली नोकरी त्या ओळीने मिळवून दिली. बी.कॉम.ची पदवी आणि डोंबिवलीच्या सीए फर्ममधला अनुभव यांनी ती मिळवून दिली, असं मी बरीच वर्षं समजत होते. निदान सांगत तरी होते.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायको नवऱ्याच्या नावावर इथे राहते. तिचा रहिवासी परवाना, रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ओळखपत्र या सगळ्याचा खर्च नवऱ्याने केलेला असतो. तिला नोकरीला ठेवणाऱ्या कंपनीला फक्त कामाचा परवाना काढावा लागतो. तेच नवा माणूस स्वतःच्या नावावर घ्यायचा तर व्हिशापायी काही हजार दिरहम जातात, आणि मुदत संपली की पुन्हा जातात. त्यात २०२१ साली झालेल्या आणि फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून सरळ किंवा आडून वसूल करायला बंदी केली आहे. कायदा चांगला आहे. पण छोट्या पेढीच्या मालकाने त्यातून काढलेला अर्थ असा, की ज्याचा खर्च आधीच कुणीतरी करून ठेवलाय त्यालाच घ्या.

मी इथे आले २०१६ मध्ये. नवरा आधीपासून होता. माझ्या कागदपत्रांपैकी पहिले शिक्के बसले ते लग्नाच्या दाखल्यावर: मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात. पदवी त्या वेळी पिशवीतच राहिली, कारण देशात शिरायला तिची गरज नव्हती. पुढे कामाचा परवाना काढायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागलं. त्याने ते हसत हसत सही करून दिलं, मीही हसले. माझी आई सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरीला गेली. तिने वडिलांची कुरकुर ऐकली असेल, पण पत्र कधी मागितलं नव्हतं. मी आईला या कागदाबद्दल अजून सांगितलेलं नाही.

पहिली दीड-दोन वर्षं ‘लोकल एक्सपीरियन्स आहे का?’ या प्रश्नात गेली. इथे काम केल्याशिवाय इथे काम नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, परदेशी गेलेल्या कुणालाही ते पाठ असतं.

मग १ जानेवारी २०१८ रोजी अमिरातीत पाच टक्के व्हॅट सुरू झाला. तोपर्यंत देरा भागातल्या कित्येक पेढ्या वही, बिलबुक आणि मालकाची स्मरणशक्ती यांवर चालत होत्या. आता वर्षाला पावणेचार लाख दिरहमच्या वर उलाढाल असलेल्या प्रत्येकाला नोंदणी, विवरणपत्रं, नीट ठेवलेली बिलं हे सगळं आलं. एकाएकी सगळ्यांना हिशेबनीस हवे होते आणि कुणालाच त्यांच्यावर खर्च करायचा नव्हता. अशाच एका सुट्या भागांच्या पेढीत मी मुलाखतीला गेले. मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “व्हिसा कुणाचा?” मी सांगितलं. दुसरा प्रश्न, “पगार किती?” मी म्हटलं, साडेतीन हजार. ते लगेच “उद्यापासून या” म्हणाले. डेबिट-क्रेडिटबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. बाजारात आयुष्य काढलेला माणूस घासाघीस न करता हो म्हणतो याचा अर्थ मला त्याच क्षणी कळायला हवा होता. बहुधा कळलाही होता, पण नोकरी मिळाल्याच्या आनंदात मी तो बाजूला ठेवला.

साडेतीन हजार हा आकडा आला कुठून, हे मी अलीकडे स्वतःला नीट विचारलं. त्यात घरभाडं नव्हतं, ते नवऱ्याच्या चेकांनी जात होतं. मुलाची फी नव्हती. आरोग्यविमा नवऱ्याच्या कंपनीचा होता, म्हणून मी इथे मागितलाच नाही. राहिलं काय? मेट्रोचं कार्ड, डबा, आईला पाठवायचे थोडे पैसे आणि ‘माझं स्वतःचं’ म्हणून थोडे. मी माझ्या कामाची किंमत सांगितलीच नव्हती, आमच्या घरात कमी पडणारी रक्कम सांगितली होती. डोंबिवलीच्या फर्ममध्ये एकदा पगारवाढीच्या वेळी साहेब म्हणाले होते, “तुमचे मिस्टर कमावतात ना.” तेव्हा मी संतापून दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. देऱ्यात तेच वाक्य मी स्वतःच बोलले, तेही कुणी न विचारता.

इथे एक नियम आहे. बायकामुलांना आणायचं तर माणसाचा पगार किमान चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि वर कंपनीचं घर. म्हणजे माझ्या पगारावर माझ्या जागी बसलेला पुरुष आपल्या बायकोला इथे आणू शकला नसता. हजबंड व्हिशावरची बाई ज्या पगारावर काम करते, त्या पगारावर कुणाला हजबंड व्हिसा देताच येत नाही. हे गणित मांडायला हिशेबनीस असूनही मला फार वर्षं लागली.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातला एक मुलगा नवऱ्याच्या ओळखीने काही दिवस आमच्या हॉलमध्ये राहिला, पुढे करामात बेडस्पेस घेऊन गेला. एम.कॉम. होता, साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काम केलेलं. गावच्या पतसंस्थेचं कर्ज काढून व्हिजिट व्हिशावर आला होता. तो पाच हजार मागायचा, कारण त्याला खोली, जेवण, कर्जाचा हप्ता आणि घर असं सगळं त्यातच बसवायचं होतं. प्रत्येक ठिकाणी व्हिशाच्या प्रश्नाशी येऊन अडायचं. मुदत संपल्यावर तो परत गेला. मी त्याला पोहे करून घातले, सीव्ही नीट करून दिला, धीर दिला. आणि मनात ठरवून टाकलं की त्याचं इंग्रजी कच्चं आहे. ते कच्चं होतंच, पण माझ्या मालकांचं त्याहून कच्चं आहे. तो नेमका माझ्या पेढीत येऊन गेला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याची सोय होती. जुन्या सीव्हींची फाइल माझ्याच कपाटात असते.

नवरा म्हणतो, “तू घेतली नसतीस तर केरळची कुणी घेतली असती, नाहीतर मनिलाची. त्या पोराला ती नोकरी मिळाली नसतीच.” त्याचं खरं आहे. या देशात भारतीयच पस्तीस लाखांहून जास्त आहेत, त्यात माझ्या एकटीच्या साडेतीन हजारांनी बाजारभाव ठरत नाही. पण हे उत्तर ऐकलं की मला डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीतल्या मावशी आठवतात. धुण्याभांड्याचा दर तिथल्या बायकांनी मिळून ठरवलेला असे. एक नवी बाई कमी पैशांत चार घरं धरून बसली, तर बाकीच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं, पाण्याच्या नळावर भांडण काढलं. आम्ही गॅलरीतून बघत म्हणायचो, किती भांडकुदळ आहेत या! त्या नव्या बाईचा नवरा रिक्षा चालवायचा, तिला कमी परवडत होतं. मावशींना जे अंगवळणी पडलेलं होतं ते मला कॉमर्स शिकून कळलं नाही. इथे तर नळावरचं भांडणही शक्य नाही, कामगार संघटना काढायला कायद्याने मुभा नाही. त्यामुळे कमी दराने काम धरणाऱ्या बाईला कुणी जाब विचारत नाही. मंडळाच्या गणपतीत सगळे तिला ‘नोकरी लागली का? वा!’ असंच म्हणतात.

२०२० मध्ये मात्र मला हिशेब समोर बसून बघावा लागला. टाळेबंदीत पेढीचं गिऱ्हाईक आटलं. सरकारने त्या वर्षी दोघांच्या संमतीने पगार तात्पुरता कमी करायची वाट खुली केली होती. कागदावर कामगाराची सही हवी. मालकांनी आधी मला बोलावलं. निम्मा पगार, काही महिन्यांसाठी. मी उभ्या उभ्या सही केली. नवऱ्याचा पगार तोवर चालू होता, आणि खरं सांगायचं तर सही केल्यावर मला आपण समजूतदार आहोत असं वाटलं, संस्थेच्या अडचणीत उभे राहणारे वगैरे. नंतर स्टोअरकीपरला बोलावलं. कन्नूरचा माणूस, कंपनीच्या व्हिशावर, घरी पाच माणसं. तो कागद हातात घेऊन गप्प राहिला. मालक म्हणाले, “मॅडमनेही केली आहे.” काचेच्या दाराआड मी बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, सही केली.

मी सही केली नसती तरी त्याला करावीच लागली असती, हे मला माहीत आहे. तरी माझा कागद त्याच्यापुढे ठेवायला उपयोगी पडला, आणि तो उपयोगी पडला कारण तो मला जड नव्हता. माझ्या सहीसाठी मला काही मोजावं लागलं असतं तर मालकांनी मला पहिली बोलावलं नसतं. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. सोपा माणूस आधी गाठायचा, एवढी समज दुकानदाराला असतेच.

पुढे त्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या कंपनीत कपात सुरू झाली, तेव्हा मला माझ्या स्वस्ताईची दुसरी बाजू दिसली. त्याचा व्हिसा रद्द झाला असता तर माझा झाला असता, मुलाचा झाला असता, आणि देऱ्यातली खुर्चीही गेली असती. त्याची नोकरी टिकली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्यानंतर मी या विषयावर विचार करणं पुन्हा बंद केलं. सप्टेंबर २०२० मध्ये खासगी क्षेत्रात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन देणारी दुरुस्ती लागू झाली, तेव्हा मैत्रिणींनी मोबाइलवर ती बातमी फिरवली. मीही फिरवली. पण हिशेबाच्या टेबलावर सगळ्या हजबंड व्हिशावरच्याच बायका असतील तर समान कुणाशी? तुलनेसाठी तिथे पुरुष उरलेलाच नसतो.

आता मी त्याच पेढीत वरच्या जागेवर आहे. पगार वाढलाय, तरी मूळ वेतनाचा भाग लहान ठेवून बाकीचं भत्त्यांत दाखवलेलं आहे. ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर निघते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांची, हे मला चांगलं ठाऊक आहे. कारण इतरांचे पगार तसे मांडते ती मीच. २०२३ पासून इथे नफ्यावर नऊ टक्के कंपनीकर आलाय, काम वाढलंय, आणि मला मदतनीस हवी आहे. सीव्ही माझ्याकडे येतात. मी ते वाचण्याआधी दोन ढिगांत टाकते, व्हिसा असलेले आणि नसलेले. दुसरा ढीग मी वाचतच नाही असं नाही. पहिल्यात जमलं तर दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. त्यातले कोण कुठल्या पतसंस्थेचं कर्ज काढून आलेत, हे सीव्हीत लिहिलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात पुण्याची एक मुलगी येऊन गेली. मराठी निघाल्यावर मोकळेपणाने बोलली, नवरा अमुक ठिकाणी, मुलगी केजीत. टॅलीत माझ्याहून वेगवान आहे. पगार विचारला तर तिने थोडं थांबून एक आकडा सांगितला, आणि त्या थांबण्यात तिने कशाची बेरीज केली ते मला इथून दिसत होतं: मेट्रो, डबा, आईला थोडे. त्या पगारात मी तिला घेऊ शकले असते, मालक माझ्यावर खूश झाले असते. मी तिला म्हटलं, घरभाडं धरून पुन्हा आकडा काढा आणि उद्या फोन करा. तिला वाटलं मी टाळते आहे. तिचा फोन आलेला नाही.

मग मी जाहिरातीचा मजकूर बदलला. हजबंड व्हिशाची ओळ काढलेली नाही, ती काढली तर मालक मजकूर पुढे जाऊच देणार नाहीत. फक्त पगाराचा आकडा छापलाय, कुणाच्याही व्हिशाला एकच. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, “आकडा छापल्यावर कमीत येणारी बाई कशी मिळणार?” मी म्हटलं, मिळणार नाही. ते काही बोलले नाहीत. मजकूर त्यांच्या टेबलावर आहे. माझ्या यंदाच्या पगारवाढीचा कागदही त्याच टेबलावर आहे, आणि दोन्हींपैकी कशाची आठवण आधी करून द्यायची हे मी अजून ठरवलेलं नाही.