दगड होण्याची नीती

दुसऱ्याच्या मरणाचे छायाचित्र घेणाऱ्याला त्या क्षणापुरते तरी कठोर व्हावे लागते. हात थरथरला तर चित्र हलते आणि पुराव्याचे मोल उणावते. साक्षीची विश्वसनीयता अशा रीतीने साक्षीदाराच्या भावनेला आवर घालूनच मिळते. ही कठोरता नैतिक दोष मानावी, की कर्तव्याची किंमत? दोन कवितांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

कॅरल ॲन डफी यांची ‘वॉर फोटोग्राफर’ ही कविता ‘स्टँडिंग फीमेल न्यूड’ (१९८५) या संग्रहातील. डॉन मक्कलिन व फिलिप जोन्स ग्रिफिथ्स या युद्धछायाचित्रकारांशी असलेला कवयित्रीचा स्नेह तिच्यामागे आहे. रणभूमीवर स्थिर राहिलेले हात घरी परतल्यावर, अंधाऱ्या खोलीत चित्रे उमटू लागताच कापू लागतात. इतक्या वेदनांतून संपादक रविवारच्या पुरवणीसाठी मोजकीच चित्रे निवडणार आणि वाचकाचे डोळे क्षणभर पाणावणार, हे या छायाचित्रकाराला ठाऊक आहे.

मात्र ही कविता तृतीयपुरुषी आहे. तिचा वाचक छायाचित्रकाराविषयी हळहळतो, पुरवणीच्या वाचकाचा धिक्कार करतो आणि स्वतः निर्दोष राहतो. कवितेतील उपरोध आपल्यालाही गाठतो, असा प्रतिवाद करता येईल. परंतु अखेरचा ठपका ‘त्यां’च्यावर येतो, ‘आपल्या’वर नव्हे. पुढे ही कविता ब्रिटनमधील शालेय परीक्षांसाठी नेमली गेली. पुरवणीतील चित्रासारखीच तीही निवडून वाढलेली करुणा झाली.

हीच नैतिक स्थिती मराठीत वेगळ्या व्याकरणात मांडली गेली आहे. विंदा करंदीकर (१९१८–२०१०) मूळचे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. त्यांच्या ‘माझ्या मना बन दगड’ या कवितेत युद्धाचे छायाचित्रण नाही. न टाळता येणाऱ्या रस्त्यावर दिसणारी अन्नवस्त्राला मुकलेली माणसे आहेत. पण पाहणाऱ्याची कोंडी तीच आहे. जे दिसते त्यावर उपाय हाती नाही, आणि पाहिलेले रात्री परत येईल, हे भय आहे. म्हणून तो मनाला दगड होण्याची आज्ञा करतो, आणि पुनःपुन्हा करतो. जे मन खरोखर दगड झाले, त्याला असे बजावावे लागत नाही. ध्रुवपदाची पुनरावृत्ती ही आज्ञा मोडली जात असल्याचीच कबुली आहे. शिवाय सांगणारा आणि ऐकणारा एकच असल्याने दोष द्यायला तिसरा कोणी उरत नाही. डफींच्या कवितेत वाचकाला मिळणारी पळवाट येथे बंद होते.

कवितेच्या अखेरीस या दगडाला एक उपयोग सापडतो. मागून येणारा स्वार त्यावर आपल्या शस्त्राला धार लावील, एवढेच यश त्याला पुरेसे मानले आहे. युद्धाचे छायाचित्रही असेच असते. ते स्वतः काही कापत नाही. कोणाच्या तरी निर्धाराला धार देते. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. आपल्यावर कोणते शस्त्र घासले जावे, हे दगडाला ठरवता येत नाही. जे चित्र युद्ध थांबविण्याची मागणी तीव्र करते, तेच सूडाचे पातेही परजू शकते. साक्षीदाराच्या मनावरचा सर्वांत मोठा भार कदाचित हाच असावा: पाहिलेल्याचे ओझे त्याचे, पण त्याच्या वापरावर ताबा मात्र नाही.

मग दगड व्हावे की नाही? मालवण-देवगड किनाऱ्यावरची घरे ज्या जांभ्याची बांधली जातात, तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर वारा-ऊन खाऊन घट्ट होतो. डफींचा छायाचित्रकारही अंधारात मऊ आणि उघड्यावर घट्ट आहे. ही तुलना विंदांच्या कवितेतील नव्हे, माझी. पण तिच्यामुळे ‘दगड’ या शब्दाचा अर्थ नेमका करता येतो. जांभा घट्ट झाला तरी सच्छिद्रच राहतो; पावसाचे पाणी त्यात मुरते. साक्षीदाराने घट्ट होणे हा दोष नव्हे. त्याची छिद्रे बुजणे हा दोष आहे. आणि ज्याला घट्ट व्हावेच लागत नाही अशा सुरक्षित वाचकाने त्याच्या कठोरपणाचा न्याय करणे, हा त्याहून मोठा.